किडनी जागी होईपर्यंत

लघवी हा शब्द चारचौघांत उच्चारायची माझी लाज एका उन्हाळ्यात कायमची गेली. त्याआधी मी आमच्या गावच्या अंगणवाडीत बायांना हात धुवायला शिकवायचे, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी द्या म्हणून कानीकपाळी ओरडायचे, पण हा शब्द आला की आवाज खाली यायचा. त्या उन्हाळ्यात मात्र मी पुण्यातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात अनोळखी माणसांना थांबवून सांगत फिरले, "आमच्या ह्यांना आज ऐंशी मिली लघवी झाली." हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि आता या वयात सुरू करण्यात काही अर्थ नाही, म्हणून इथंही ‘हे’च.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. येडगावच्या धरणाजवळ आमचं घर आणि शेती, टोमॅटो, कांदा, थोडी द्राक्षं. घराण्याची देवी मात्र लांब, आंबेगावच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावरून आत गेलं की एका डोंगरात. गहू निघाला की नव्या गव्हाची खीर तिला दाखवायची. ती खीर घरून न्यायची नाही, तिथंच तीन दगडांची चूल मांडून शिजवायची, असा दंडक. चूल कुठं मांडायची हेही ठरलेलं होतं, देवळाच्या खाली, उघड्या माळावर, जिथं औषधालाही सावली नाही. का, ते कुणी सांगत नसे. दरवर्षी चुलीपाशी मीच असायचे आणि दरवर्षी माझं डोकं उन्हानं ठणकायचं. त्या वर्षी मी म्हटलं, पुरे झालं. वर कड्याच्या पायथ्याला गार सावली होती, तिथं मी दगड लावले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आगं, हितं न्हाई मांडीत. खाली माळावं मांडत्यात."

"का? सावलीतली खीर देवीला चालत नाही?"

त्या गप्प बसल्या. घरात माझ्यापुढं बहुतेक जण गप्प बसत आणि मला वाटायचं, माझं बोलणं पटतंय.

लाकडं ओलसर निघाली. धूर सरळ वर चढला, आणि वर कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पाच-सहा पोळी लटकत होती. आमच्यातल्या एकानंही मान वर करून बघितलं नव्हतं. आधी नुसता आवाज आला, लांब कुठंतरी मळणीयंत्र सुरू व्हावं तसा. मग कुणीतरी "माश्या!" म्हणून ओरडलं आणि जो तो वाट फुटेल तिकडं पळाला. मीही पळाले. लिहायला जड जातंय, पण पदर डोक्यावर घेऊन मी उतारावरून पळत सुटले. आत्यांचे गुडघे गेलेले, त्यांना उठवायलाच दोन माणसं लागायची. ह्यांनी बसायला आणलेली सतरंजी उचलली, आईवर टाकली, आणि ती उडू नये म्हणून तिच्या कडा हातापायांनी दाबून वर स्वतः पालथे पडले. अंगात एक पातळ सदरा होता.

आत्यांना तीन माश्या चावल्या. ह्यांच्या अंगातले काटे काढायला आम्ही दोघी-तिघी बसलो, दोनशेपर्यंत मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

चुना लावला, विळ्याचं पातं घासलं, ओल्या मातीचा लेप दिला. वाटेवरच्या दवाखान्यात नेईपर्यंत ह्यांना चार उलट्या झाल्या आणि दोनदा डोळे फिरले. तिथं सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. डॉक्टर दोन दिवस राहा म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज जरा उतरली, हे उठून बसले आणि म्हणाले, "घरी चला. तोडणीला आलेला टोमॅटो माझ्यासाठी थांबणाराय व्हय?" दुखण्यावरच्या गोळ्या खिशात टाकून आम्ही घरी आलो. गोळ्या दिवसातून दोनदा घ्यायच्या होत्या, ह्यांनी चारदा घेतल्या, कारण अंग ठणकत होतं आणि मळ्यात जायची घाई होती.

त्या रात्रीपासून लघवी कोऱ्या चहासारखी यायला लागली. आत्यांनी विचारलं तेव्हा ह्यांनी ते सांगितलं, मला नाही. आत्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली." उन्हाळ्यात उन्हाचा माणूस, लघवी कमी आणि लाल होणार, त्यावर धने-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मीच धने भिजत घातले. दुसऱ्या दिवशी एकदाच थोडी झाली, हे मला मागाहून कळलं. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. चेहरा मात्र भरत चालला होता. माणसं बघायला यायची आणि म्हणायची, तब्येत सुधारली की राव, गालावर मांस चढलं. मीही मान हलवायचे. पाणी आत जात होतं आणि बाहेर येत नव्हतं, एवढी साधी गोष्ट, पण नळाखाली बादली भरताना जे कळतं ते माणसाकडं बघून कळलं नाही.

चौथ्या दिवशी ह्यांना आडवं झोपता येईना. उशीवर डोकं टेकलं की दम लागायचा. पुन्हा त्या दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवी कधी केली?" हे माझ्याकडं बघायला लागले, मी ह्यांच्याकडं. पंधरा वर्षांचा संसार, कोणत्या भाजीत किती मीठ लागतं ते मला माहीत, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पुण्याला न्या. आत्ता. घरी जाऊन पिशवी भरत बसू नका."

पुण्यात किडनीच्या डॉक्टरीण बाई होत्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. ह्यांच्या मानेत जाड नळी घातली आणि रक्त एका यंत्रातून फिरवून परत अंगात सोडलं. हे डायलिसिस. यंत्राची घरघर चार तास चालली आणि मी चार तास दाराबाहेर येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी बाईंनी आम्हा दोघींना, मला आणि बरोबर आलेल्या आत्यांना, ह्यांच्या खाटेजवळ उभं करून समजावून सांगितलं. माश्यांच्या विषानं अंगातलं मांस आतून विरघळतं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यातला रंग रक्ताबरोबर किडनीत उतरतो. किडनीत केसाहून बारीक अशा लाखो नळ्या असतात, त्यांच्या आतल्या अस्तराला हा रंग खातो. अस्तर गळून नळीतच साठतं आणि वाट बंद होते. त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, रक्तदाब खाली आलेला, आणि वरून दुखण्याच्या गोळ्या, त्यांनी किडनीचा उरलासुरला रक्तपुरवठा आवळला.

हे पडल्यापडल्या म्हणाले, "म्हंजी ठिबकच्या नळ्या चोकअप झाल्या."

बाई पहिल्यांदा हसल्या. "तसंच समजा. पण ठिबकमध्ये तुम्ही ॲसिड सोडून नळ्या मोकळ्या करता. इथं तसं काही नाही. इथं थांबायचं. अस्तर आपलं आपण पुन्हा उगवतं."

मी विचारलं, "नक्की उगवतं?"

"बहुतेकांचं उगवतं. तीन आठवडे लागतात, कधी सहा. काहींचं नाही उगवत. मग यंत्र जन्माचं." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "किडनी मेलेली नाही. झोपलीय असं धरून चाला."

झोपलेल्याला मी आयुष्यात कधी झोपू दिलं नाही. आमच्या घरी पहाटे पाचला मी भांडी आपटायला लागते. इथं भांडी आपटून काही होणार नव्हतं. औषध म्हणून द्यायचं फारसं काही नव्हतं, करायचं काही नव्हतं, दिवसाआड यंत्र आणि बाकी वाट बघणं. मी वॉर्डातल्या शेजारच्या खाटांच्या चादरी घडी केल्या. कुणी सांगितलेलं नसताना खिडक्यांच्या गजांवरची धूळ पुसली. कॅन्टीनवाल्याशी चहाच्या पातळपणावरून भांडले. जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. दर तासाला खाटेखालचं मोजपात्र बघायचे, प्लॅस्टिकचं, आकड्यांच्या रेघा असलेलं, आणि ते कोरडं ठणठणीत असायचं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, बघून ते भरत नाही." त्यांचं खरं होतं. तरी मी बघायचे.

एक काम मात्र मला मिळालं होतं, आणि ते मी मिठी मारावी तसं धरलं. पाणी. आदल्या दिवशी जेवढी लघवी, तेवढं अधिक अर्धा लिटर, एवढंच पाणी दिवसाला पोटात जायचं. लघवी शून्य, म्हणजे अर्धा लिटर, त्यात चहाही आला आणि गोळीबरोबरचा घोटही. जास्त झालं तर ते छातीत साठणार. मी घरून आणलेली स्टीलची वाटी सिस्टरांच्या मापानं मोजून घेतली, शंभरची भरली. दिवसाच्या पाच वाट्या. वैशाखाचं ऊन, वर फिरणारा गरम पंखा आणि तांब्या तोंडाला लावला की खाली न ठेवणारा माणूस. पहिले दोन दिवस हे चेष्टा करायचे, "कालव्याचं पाणी सोडायला पाटकरी लागतो, तशी ही माझी पाटकरीण." तिसऱ्या दिवशी चेष्टा संपली. "एक घोट दे, अगं. नुसतं ओठ ओले करतो." मी ओठांवरून ओला कापूस फिरवायचे. चूळ भरायला द्यायचे आणि ती पुरती थुंकली की नाही ते वाकून बघायचे. एकदा हे म्हणाले, "वैरीण हायेस तू माझी." मी म्हटलं, "आहेच. गपचूप पडा." मग जिन्यात जाऊन रडले. पण वाटी वाढवली नाही.

आत्या खाटेच्या पायाशी बसून असायच्या. पोरानं आपल्यासाठी अंगावर माश्या घेतल्या, हे त्यांना क्षणभरही विसरता येत नव्हतं. त्या ह्यांचे तळवे चोळायच्या आणि मी पाणी नाकारलं की तोंड फिरवून भिंतीकडं बघायच्या. त्यांना काय वाटतं ते मी कधी विचारलं नाही. आणि इथं माझी खरी खोड सांगायला हवी. कामाला हात मीच लावायचा, डॉक्टरांशी मीच बोलायचं, दुसऱ्याला समजावून सांगण्यात वेळ घालवायचा नाही. डॉक्टर बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, केळं नको, संत्रं नको, शहाळं तर अजिबात नको. मी मान हलवली, डोक्यात ठेवलं आणि आत्यांना सांगितलं नाही. देणारी मी एकटीच होते, मग त्यांना कशाला सांगायचं?

आठव्या दिवशी मी रक्ताची तपासणी घेऊन खालच्या मजल्यावर गेले होते. तेवढ्यात गावाकडून चार माणसं आली, भावकीतली. आजाऱ्याला बघायला शहाळं घेतल्याशिवाय आमच्याकडं कोण येतं? आणि नेलेलं शहाळं आजाऱ्यानं आपल्यासमोर प्यायलं नाही, तर नेणाऱ्याला तो अपमान वाटतो. आत्यांनी एक दिलं. ह्यांनी ते तीन घोटांत संपवलं आणि दुसरं मागितलं. आठ दिवसांच्या तहानेचा माणूस, समोर पोराचे सुकलेले ओठ आणि चार पाहुण्यांचे डोळे. कोणत्या आईनं नाही म्हटलं असतं?

मी वर आले तेव्हा दोन रिकामी शहाळी खाटेखाली होती. दोन तासांनी ह्यांचे पाय गळून गेले, मुठी वळेनात. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली तर तिच्यावरच्या रेघा भलत्याच झालेल्या. पळापळ झाली, शिरेतून इंजेक्शनं, पुन्हा यंत्र. बाईंनी घामाघूम होऊन बाहेर येऊन सांगितलं, शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असतं. चांगली किडनी ते बाहेर टाकते, ह्यांची टाकत नाही. ते रक्तात साठलं की हृदय थांबतं. "आज थोडक्यात वाचले," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघून, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

मी तडक आत्यांकडं गेले. सगळा वॉर्ड ऐकत होता, पाहुणे दारात उभे होते. मी म्हणाले, "तुम्हीच मारा आता त्यांना. माश्यांना जमलं नाही ते तुम्ही करा. माझ्याशिवाय ह्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब घातलात तर याद राखा."

 आत्या म्हणू शकल्या असत्या, चूल कुणी मांडली होती? पाहुण्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, त्यांना तर होतंच. त्या एवढंच म्हणाल्या, "न्हाई घालणार." नंतरही, त्या दवाखान्यात किंवा घरी, चुलीचा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मी मात्र ते बोलणं मागं घेतलं नाही. मला वाटत होतं, माझं बरोबर आहे, आणि बरोबर असलेल्या माणसाला माफी मागायची घाई नसते.

चौदाव्या दिवशी सकाळी मोजपात्राच्या बुडाशी काहीतरी चमकलं. ऐंशी मिली. गढूळ, तपकिरी, आणि मला ते पंचामृताहून प्रिय झालं. मी ते पात्र घेऊन सिस्टरकडं गेले, झाडूवाल्या मावशीकडं गेले, लिफ्टजवळ बसलेल्या वॉचमनला दाखवलं. लोक पोरगा पास झाल्याचे पेढे दाखवत फिरतात, मी हे दाखवत होते. दुसऱ्या दिवशी तीनशे झाली. मी बाईंना विचारलं, "जागी झाली?"

"डोळे किलकिले करतेय. आता मोठ्या प्रमाणात येईल, पण हुरळू नका. नळीचं नवं अस्तर नवखं असतं. त्याला पाणी खाली सोडता येतं, धरून ठेवता येत नाही, आणि घाणही नीट वेचता येत नाही. त्यामुळं लघवी भरपूर आणि रक्त अजून खराब, असं काही दिवस चालेल. रोज बघून पाणी ठरवू."

मला ते समजलं. म्हणजे, मला वाटलं की समजलं.

त्याच दिवशी दिरांचा निरोप आला, शेजारच्या एसटीडी बूथवर. टोमॅटोला मजूर मिळेना, आमची धाकटी मुलगी तापानं फणफणलेली. एक दिवस मला जाणं भाग होतं. आदल्या दिवसाचे तीनशे अधिक पाचशे, म्हणजे आठ वाट्या. आत्यांना बेरीज जमणार नाही म्हणून मी त्यांच्या चंचीतली सुपारीची आठ खांडं खाटेशेजारच्या कपाटावर मांडली. "एक वाटी दिली की एक खांड या बाजूला सरकवायचं. आठ झाली की मी येईपर्यंत बंद. कुणी काही म्हणो." नियम काय आहे, लघवी वाढली की पाणीही वाढवायचं, हे मी त्यांना या वेळीही सांगितलं नाही. मला गाडी गाठायची होती.

गावी पोरीचा ताप उतरेपर्यंत थांबावं लागलं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं मी परत निघाले. गाडीत तीन तास माझा एक पाय सारखा हलत होता. चाकणच्या पुढं गाडी तुंबली तेव्हा मला वाटलं उतरून चालत सुटावं. किती झाली असेल? पाचशे? सहाशे? मी आकडे लावत होते आणि मनातल्या मनात देवीला खिरीऐवजी काय काय कबूल करत होते.

वॉर्डात शिरले आणि आधी मोजपात्र बघितलं. काठोकाठ. भिंतीवरच्या कागदावर सिस्टरनं लिहिलं होतं, कालपासून चार लिटर. मला ओरडावंसं वाटलं. मग ह्यांच्याकडं बघितलं. डोळे खोल गेलेले, ओठांवर पांढरी साल, जीभ चामड्यासारखी. नाडी हाताला लागेना, लागली ती भरभर पळत होती. मी हाक मारली तर मान वळवायला वेळ लागला. म्हणाले, "पानी," आणि पुढं काही बोलले नाहीत.

खाटेच्या पायाशी आत्या बसल्या होत्या. मांडीत पितळी तांब्या होता, काठापर्यंत भरलेला, आणि दोन्ही हातांनी त्यांनी तो धरला होता. कपाटावरची आठही सुपारीची खांडं पलीकडं सरकलेली होती.

"सकाळच्याला बाई येऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "म्हणल्या, आजी, आता ह्यांला पानी द्या, मागतील तेवढं द्या. सिस्टरबी म्हणाली. म्या तांब्या भरून आणला."

"मग? दिलं का नाही?"

"तू नव्हतीस ना. आठ झाल्या व्हत्या. तुला इचारल्याबिगर कसं देऊ?"

सकाळपासून तो तांब्या त्यांच्या मांडीत होता. पोरगा पाणी मागत होता आणि त्या भरलेला तांब्या धरून माझी वाट बघत होत्या. सिस्टर येता-जाता विचारायच्या, पाणी देताय ना आजी, आणि त्या मान हलवायच्या. दुपारभर किडनी त्यांच्या पोराच्या अंगातलं पाणी बाहेर ओतत होती, तिला धरून ठेवायचं अजून कळत नव्हतं, आणि आत एक थेंब जात नव्हता. जे मी पंधरा वर्षं अंगणवाडीत बायांना ओरडून सांगत आले, जेवढं बाहेर गेलं तेवढं आत द्या, तेच करायची माझ्याच घरच्या बाईला भीती वाटत होती. मी घातलेली भीती.

मला तांब्या हातात घ्यायचा होता. सवयीनं हात पुढं गेलाही. मग मी तो मागं घेतला. "द्या आत्या. तुम्हीच द्या."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ह्यांच्या मानेखाली हात घातला आणि तांब्याचा काठ ओठांना लावला. हे प्यायले, थांबले, धाप लागली, पुन्हा प्यायले. निम्मं पाणी छातीवर सांडलं. मी सिस्टरला बोलावून आणलं, सलाईन लागलं, बाई आल्या, रक्तदाब बघितला आणि मला बाजूला घेऊन जे बोलायचं ते बोलल्या. मी खाली मान घालून ऐकलं. रात्रीपर्यंत नाडी भरली. आठवड्यात रक्तातली घाण दाखवणारा आकडा, क्रिएटिनिन, उतरायला लागला, यंत्र बंद झालं, मानेतली नळी निघाली. सव्वा महिन्यानं आम्ही तिघं घरी आलो. पुढं सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा बाईंनी कागद टेबलावर ठेवून सांगितलं, या किडनीला काही झालं होतं हे आता कुणाला सांगूनही पटणार नाही.

आत्यांची माफी मी मागितली. एकदा नाही, पुष्कळदा. त्या म्हणायच्या, "आगं जाऊ दे, त्या येळंला तसंच व्हतं." मनात राग नव्हता त्यांच्या, ते मला ठाऊक आहे. त्यानंतर दहा वर्षं त्या जगल्या. घरात कुणाला ताप आला, खोकला झाला, नातवाचं नुसतं पोट दुखलं, तरी त्या पाण्याचा तांब्या भरून घ्यायच्या, त्याच्या उशाशी जाऊन बसायच्या, आणि द्यायच्या आधी मान वळवून मी कुठं आहे ते बघायच्या. मी चुलीपुढं असले, गोठ्यात असले, तरी तिथवर हाक यायची, "देऊ का गं?" मी धावत जाऊन सांगायचे, आत्या, विचारत जाऊ नका, तुम्ही द्या. त्या हो म्हणायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायच्या. शेवटच्या आजारात त्यांना स्वतःला तहान लागली तेव्हाही त्यांनी तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "घेऊ का?"